सशाचा कान कुणी पाडला?

१

सशाचा उजवा कान गळून पडला होता. डावा अजून जागेवर होता, पण त्याचाही काही भरवसा नव्हता. नाकाच्या जागी बसवलेली चेरी घसरत घसरत पोटापर्यंत आली होती, आणि लोण्याच्या आयसिंगचा एक ओघळ फ्रिजच्या जाळीतून खालच्या कोथिंबिरीवर ठिबकत होता.

खांदा कॉलनीतल्या दिघ्यांच्या स्वयंपाकघरात, ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात हा प्रकार उघडकीला आला. दिघ्यांची सून, त्यांच्या सत्यजीतची बायको आभा, घरच्या घरी वाढदिवसाचे केक करून द्यायची. पत्र्याचा गोल इलेक्ट्रिक ओव्हन, एक मिक्सर आणि माहेराहून शिकून आलेला हात, एवढ्या भांडवलावर तिनं वर्षभरात कॉलनीभर नाव मिळवलं होतं. संध्याकाळी केक द्यायचा म्हणून तिनं फ्रिज उघडला, तर आतला दिवा लागेना. हात घातला तर आत बाहेरच्यासारखंच गरम.

"बाबा," तिनं हाक मारली, "जरा इकडे येता?"

आता हे बाबा म्हणजे तिचे सासरे, दीनानाथ दिघे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून या गृहस्थानं वाचनालयातल्या रहस्यकथांचा नुसता फडशा पाडला होता. पण खुनी कोण, हे त्यांना शेवटच्या पानाआधी एकदाही ओळखता आलं नव्हतं. त्यांचा संशय हटकून माळ्यावर जायचा आणि माळी बिचारा दर वेळी निर्दोष निघायचा. अशा माणसाच्या घरात गुन्हा घडला, म्हणजे गुन्हेगाराचं फावलंच म्हणायचं.

तरी दीनानाथांनी चष्मा पुसला, ससा पाहिला, कोथिंबीर पाहिली, आणि मग ओट्यावरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं एका लांबट बोर्डावर ओळीनं बटणं होती आणि प्रत्येकाखाली आभानं पांढऱ्या पट्टीवर जाड ठसठशीत अक्षरांत नाव लिहिलेलं होतं. 'फ्रिज' लिहिलेलं बटण वर होतं. वर म्हणजे बंद.

"मागच्या दोन्ही केकच्या वेळेलाही असंच झालं होतं," आभा हळू आवाजात म्हणाली. "पहिल्यांदा वाटलं, माझ्याच हातून बंद झालं असेल."

बटण काही आपणहून वर जात नाही. हे घरात वावरणाऱ्या कुणाच्या तरी बोटाचं काम होतं, आणि ते बोट केकच्याच दिवशी चालत होतं.

२

आभा मोठी धीराची. तिनं डोळे पुसले, सशाचे दोन्ही कान काढून पाठीवर नीट झोपवले, पोट थापून गोल केलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं की हा झोपलेला ससा आहे. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. पण दार लावून घेतल्यावर ती गॅलरीत जाऊन उभी राहिली ती बराच वेळ आत आली नाही, म्हणून दीनानाथ तिच्यामागे गेले.

त्यांनी तिला धीर दिला. म्हणाले, मी या प्रकरणाचा छडा लावतो, काही दिवस दे मला. एरवी सासऱ्यांच्या असल्या बोलण्यावर आभा खळखळून हसायची. आज हसली नाही.

"छडा लावू नका, बाबा. मला माहीत आहे कोण ते."

"कोण?"

तिनं स्वयंपाकघराच्या दिशेला एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. आत तिची सासू सुमती लसूण सोलत गुणगुणत होती.

मग आभा थोडं थोडं बोलत गेली. गणपतीच्या सुमाराला आई शेजारणीला म्हणाल्या होत्या की, माझ्या स्वयंपाकघराची पार बेकरी झाली बाई. हसत म्हणाल्या होत्या, पण म्हणाल्या होत्या. आणि फ्रिज बंद पडायला लागला तो त्यानंतरच. भांडीवाली मैना सकाळीच काम आटपून जाते, सत्यजीत ऑफिसात, बाबा हॉलमध्ये पुस्तकात डोकं घालून. दुपारी स्वयंपाकघरात शेवटी असतं तरी कोण? मी भांडणार नाही, आभा म्हणाली. पण रोडपालीची आमची जागा तयार झाली आहे, ती भाड्यानं द्यायचं चाललं होतं. त्याऐवजी आम्हीच तिकडे राहायला जावं, असं मी सत्यजीतला सांगितलं आहे.

"प्रेम शाबूत आहे तोवर वेगळं व्हावं, बाबा. नंतर नुसतं तोंडदेखलं उरतं."

दीनानाथांनी मनाशी हिशेब केला. रोडपाली म्हणजे काही सातासमुद्रापार नव्हे, शेजारच्या कळंबोलीला तर जायचं. पण घरातून ओव्हन गेला, केकचा वास गेला, जेवताना बायकोचं आणि सुनेचं चालणारं अखंड बोलणं गेलं, की या चार भिंतींत उरणार काय? ते, सुमती आणि तो फ्रिज. रविवारपर्यंत थांब, एवढंच त्यांनी सुनेकडून कबूल करून घेतलं. रविवारी तिची एक मोठी ऑर्डर होती.

सुमती असलं काही करणार नाही याची त्यांना खात्री होती. अडचण एवढीच, की दर पुस्तकात त्यांना माळ्याचीही अशीच खात्री असायची.

३

पहिला संशय काशिरामवर. काशिराम हा कॉलनीतला इलेक्ट्रिशियन. बोलायला गोड, आणि कुठल्याही दुखण्याला त्याच्याकडे एकच औषध. पंखा हळू फिरतो, व्होल्टेज. ट्यूब लुकलुकते, व्होल्टेज. कुणाच्या घरात नवरा-बायकोचं बिनसलं तरी यानं व्होल्टेजच सांगितलं असतं.

दीनानाथांनी त्याला चहाला बोलावलं आणि बोर्ड उघडायला लावला. काशिरामनं टेस्टर लावून एकेक तार तपासली, स्क्रू पिळले, ओव्हन आणि फ्रिज एकदम चालवून दाखवले. सगळं ठणठणीत होतं. मग त्यानं गंभीर चेहरा करून सांगितलं, "काका, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे."

व्होल्टेजला बोटं नसतात, असं दीनानाथांनी त्याला ऐकवलं. काशिराम जरा दुखावला. माझ्या कामात खोट काढू नका, म्हणाला, श्रावणातच तर बोर्ड नवा करून दिला.

"नवा कशाला केला होता?"

"पाण्याचा फिल्टर घेतलात ना तुम्ही. आधी तीनच बटणं होती, फ्रिज, ओव्हन, मिक्सर. चौथं बसेना, म्हणून मोठा बोर्ड घातला. नळ खिडकीखाली, म्हणून फिल्टरचं बटण खिडकीच्या टोकाला दिलं आणि बाकीची तिन्ही एकेक घर पुढे सरकवली."

दीनानाथांना तो दिवस आठवला. दिवसभर ठोकाठोकी, ओट्यावर सिमेंटचा धुरळा, आणि आभानं संध्याकाळी बसून लिहिलेल्या नव्या पट्ट्या. सुमती त्या दिवशी घरात नव्हती, चिरनेरला बहिणीकडे बारशाला गेली होती. परत आल्यावर तिनं फिल्टरचं पाणी प्यायलं, गोड लागतं म्हणाली, आणि विषय संपला.

फ्रिज दगा द्यायला लागला तो या बोर्डानंतर. त्याआधी हाच ओव्हन, हाच फ्रिज, हीच माणसं, आणि कसलीच कटकट नव्हती. म्हणजे गणपतीतल्या त्या बेकरीच्या बोलण्याचा यात हात असेलच असं नाही. पण मग बटणं सरकल्यामुळे चुकतंय तरी कोण? एवढ्या जाड अक्षरात नावं लिहिलेली असताना चुकणार कोण?

ज्याला वाचता येत नाही तोच चुकेल, हे दीनानाथांच्या डोक्यात चमकलं आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. घरात येणाऱ्या माणसांत वाचता न येणारं एकच माणूस होतं, आणि ते दर रविवारी स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचं.

४

गुणाबाई उरणची कोळीण. एसटीनं यायची, डोक्यावर पाटी, आणि जिन्यात पाऊल टाकलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज. दिघ्यांचं घर म्हणजे मासे खाणाऱ्यांतलं दर्दी घर, आणि सुमती तर मासळीच्या बाबतीत जजच. कल्ले उलगडून लाली बघणार, डोळ्यात डोळे घालून बघणार, आणि मनास आलं नाही तर गुणाबाईला पाटीसकट परत धाडणार. दोघींची दर रविवारी जुंपायची आणि त्याशिवाय दोघींनाही चैन पडायचं नाही.

त्या रविवारी दीनानाथांनी गुणाबाईला जिन्यातच गाठलं. आडून आडून विचारायचा त्यांचा बेत होता, पण त्यांना आडून विचारणं जमत नसे. त्यांनी सरळच विचारलं, की ओट्यावरच्या बटणांना तू कधी हात लावतेस का.

गुणाबाईनं पाटी खाली ठेवली आणि कंबरेवर हात घेतला. "मी? भाऊ, मना त्याचं लय भ्या वाटतं. माज्या घरान दिवा लावाचा तं पोराला हाक मारतंय मी. तुमच्या बटनाला कशाला हात लावू?"

शिवाय तिनं आठवण करून दिली, की ती येते फक्त रविवारी, आणि सशाचा प्रकार झाला होता मधल्या वारी. दीनानाथ वरमले. आणखी एक माळी निर्दोष सुटला होता. त्यांनी पडत्या आवाजात विचारलं, की आज पापलेट कसं आहे, सुमतीच्या पसंतीला उतरेल ना.

तसा गुणाबाईचा चेहराच बदलला. तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"भाऊ, रागावू नका, पन एक इचारू? वयनीला बरं नाय काय? आता ती डोलं बघत नाय माशाचं, कल्लं बघत नाय. नुसतं बोटानं दाबतं, नाकाला लावतं, नि मना बोलतं, तूच दे गो बरासा निवडून. आधी मी एक शिला मासा मुद्दाम वर ठेवाची, भांडन कराला. आता ठेवत नाय. आता तिला फसवाला माजं मन होत नाय."

गुणाबाई वर गेली. दीनानाथ मात्र जिन्यातच उभे राहिले.

५

दुपारी जेवण झालं. तळलेल्या पापलेटाचं कौतुक झालं, आमटीत मीठ थोडं जास्त पडलं होतं त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. हल्ली पडायचंच. आभानं सकाळीच केक करून फ्रिजमध्ये ठेवला होता, ओव्हन बंद केला होता आणि आता ती आतल्या खोलीत पाठ टेकायला गेली होती. सत्यजीतनं पेपर तोंडावर घेतला. दीनानाथ हॉलमध्ये पुस्तक उघडून बसले, पण खुर्ची अशी वळवून, की स्वयंपाकघराचं दार समोर यावं.

पुस्तकाचं पान काही उलटत नव्हतं. त्यांच्या मनात दुसरीच पानं उलटत होती. पूर्वी सकाळी चहाबरोबर राशिभविष्य मोठ्यानं वाचून दाखवणारी सुमती पावसाळ्यापासून म्हणायला लागली होती, त्यात काय असतं मेलं. सुईत दोरा ओवायला त्यांच्याकडे द्यायची आणि म्हणायची, तुम्हाला तरी काय काम आहे. टीव्हीजवळ पाट घेऊन बसायची, आणि हे तिला चिडवायचे, की आत जाऊन बस त्यांच्याबरोबर. एवढं सगळं समोर पडलेलं होतं. दुसऱ्यांच्या पुस्तकातले मुडदे तपासत बसलेल्या माणसाला स्वतःच्या बायकोकडे मात्र बघायला झालं नव्हतं.

सुमती ओटा पुसून झाली. फडकं पिळून वाळत टाकलं. मग तिनं हात भिंतीवर ठेवला, खिडकीच्या चौकटीपाशी. बोटं हळूहळू बोर्डावर आली. पहिलं बटण चाचपलं, दुसऱ्यावर थांबली. तिची मान वर होती आणि नजर खिडकीबाहेर कुठेतरी होती. बटण खाली आहे, म्हणजे चालू आहे, हे बोटाला कळल्यावर ती मायेनं हसली, एखाद्या विसराळू पोराचं दप्तर उचलून ठेवताना आई हसते तशी. आणि तिनं दुसरं बटण वर केलं.

फ्रिजची घरघर थांबली. वर एक्झॉस्टचा पंखा खडखडत होता, त्यात ते कळलंही नाही. तो पंखा आणि दिवा दाराजवळच्या जुन्या बोर्डावर होते. तिनं ते सवयीनं बंद केले आणि ती झोपायला गेली.

दीनानाथ उठले, आत गेले आणि फ्रिज पुन्हा चालू केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शेवटच्या पानाआधी गुन्हेगार सापडला होता. आणि ते पान उलटूच नये असं वाटत होतं.

६

पण चहाला सगळ्यांना स्वयंपाकघरात जमायचं आमंत्रण त्यांनी सकाळीच देऊन ठेवलं होतं, रहस्यकथेत देतात तसं. काशिरामही आला होता, आपल्यावरचा डाग पुसला जाताना बघायला. आभा दाराला टेकून उभी होती आणि सासूकडे बघायचं टाळत होती. सत्यजीतच्या हातात रोडपालीच्या जागेची किल्ली होती आणि तो ती उगाच बोटात फिरवत होता. सुमती मात्र पाटावर बसून मजेत बशीतून चहा पीत होती.

"सांगा आता," ती म्हणाली, "कोण तुमचा चोर?"

दीनानाथांनी घसा खाकरला. बायकोकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

"मीच," ते म्हणाले. "दुपारी पाणी प्यायला येतो, तेव्हा माझ्याच हातून बटण बंद होत असणार. वयच झालं आता."

सत्यजीतनं सुटकेचा श्वास सोडला. आभानं मात्र सासऱ्यांकडे दयेनं पाहिलं. आपल्या बायकोला वाचवतायत, एवढंच तिला दिसलं. म्हणजे तिचा संशय पक्का झाला होता, आणि आता किल्ली रोडपालीला जाणार होती.

पण सुमतीनं बशी खाली ठेवली. तिचा नवरा खोटं बोलायला लागला की त्याचा आवाज अर्धी पट्टी वर जातो, हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं.

"तुम्ही कसले येताय पाणी प्यायला, तांब्या तर मीच आणून देते तुम्हाला. कुठलं बटण बंद होतं म्हणालात?"

काशिरामला गप्प बसवेना. तो म्हणाला, "खिडकीकडून दुसरं, काकू."

"खिडकीकडून दुसरं? ते फ्रिजचं कुठलं? ते तर ओव्हनचं." सुमतीनं हसून सुनेच्या दिशेला मान वळवली. "आता विषय निघालाय म्हणून सांगते हो, रागावू नकोस. केक केलास की तू ते चालू ठेवून जातेस. दर वेळी विसरतेस. मी दुपारी गुपचूप बंद करते, कुणाला बोलले नाही कधी. सत्यजीतला कळलं तर तो तुला ओरडेल, ओव्हन नकोच म्हणेल, म्हणून."

आभा दारापासून हलली आणि हळूहळू पाटापाशी आली.

"आई," ती म्हणाली, "त्या दुसऱ्या बटणाखाली काय लिहिलंय?"

सुमतीनं मान वर केली. बोर्ड तिच्यापासून दोन हातांवर होता. ती डोळे बारीक करून बघत राहिली, आणि मग ठाम म्हणाली, "ओव्हन."

तिथं जाड काळ्या अक्षरांत फ्रिज लिहिलेलं होतं.

आभा खाली बसली आणि तिनं सासूचे दोन्ही हात धरले. कधीपासून, एवढंच तिला विचारता आलं. सुमती आधी म्हणाली, कुठे काय, संध्याकाळचा उजेड कमी आहे. मग तिच्या लक्षात आलं की आता उपयोग नाही.

"उन्हाळ्यापासून धुकं आल्यासारखं झालंय," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तू ओव्हन गुंडाळून माझा हात धरून बसली असतीस. ओळखते ना मी तुला. आणि घरभर केकचा वास असला ना, की मला माझं घर बरोबर दिसतं गं."

"आणि बेकरी म्हणालात ते?"

"अगं, मिरवत होते मी!"

मग जे रडणं झालं त्यात सत्यजीतही होता, आणि काशिराम टेस्टर खिशात घालून उगाच बोर्डाकडे बघत उभा राहिला. दीनानाथ चष्मा पुसत होते. आपण बायकोकडे बघितलं नाही, हे त्यांनी तिला तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. ती म्हणाली, मी बघू दिलं तर बघाल ना.

किल्लीचं पुढे कुणी नाव काढलं नाही. रोडपालीला भाडेकरू आला.

डोळे दाखवले, मोतीबिंदू निघाला, दिवाळी झाल्यावर एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. तोवरची सोय म्हणून आभानं आपल्या पाकिटातली एक फुगीर टिकली काढून ओव्हनच्या बटणावर चिकटवली, आणि सासूचं बोट धरून त्यावर दोनदा फिरवलं.

डोळ्यावरची पट्टी गेली त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सुमतीनं पापलेटाचे कल्ले उलगडले, डोळ्यात डोळे घालून बघितलं आणि गुणाबाईला पाटीसकट परत धाडलं. "आली बाय आमची वयनी परत," म्हणत गुणाबाई जिनाभर हसत उतरली आणि चांगला मासा घेऊन पुन्हा वर आली.

त्या दुपारी दीनानाथांनी खुर्ची मुद्दाम स्वयंपाकघराकडे वळवली. सुमतीनं ओटा पुसला. भिंतीशी उभी राहून तिनं चारही पट्ट्या एकेक करून वाचल्या, ओठ हलवत, शाळेतल्या मुलीसारखं. वाचून झाल्यावरही तिनं डोळे मिटले आणि बोटानं ती टिकली शोधली. बटण वर होतं.

"बंदच आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "पोर कधी विसरतच नव्हती."